आमच्या घरचे पिंप



या सदरातून आम्ही एरवी दुसऱ्यांच्या चुका दाखवीत असतो. आज स्वतःची सांगायची आहे.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अंबरनाथला आमच्या चाळीत, आमच्या खोलीला लागून असलेल्या खोलीतला अकरा वर्षांचा मुलगा तापाने पडला. पहिले चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर गेले. मग रक्त तपासले तेव्हा डेंग्यू निघाला. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणारे, आई दोन सोसायट्यांत धुणीभांडी करणारी. मुलगा आठ दिवस इस्पितळात होता. तेवढे दिवस एकाचा नाका बुडाला, दुसरीची कामे बुडाली, आणि त्यातले एक काम कायमचे गेले. कारण मालकीणबाईंनी तोवर दुसरी बाई पाहिली. मुलगा बरा होऊन घरी आला ही सर्वांत मोठी गोष्ट. पण त्या आठवड्यासाठी व्याजाने काढलेले पैसे फेडता फेडता त्या घराला पुढचा उन्हाळा उजाडला.

आम्ही पडलो कार्यकर्ते. गप्प कसे बसणार? दोन रात्री जागून निवेदन तयार केले. गटार तुंबलेले आहे, डासांचा सुळसुळाट झालेला आहे, करिता आमच्या वस्तीत ताबडतोब धूर फवारणी करण्यात यावी, न केल्यास लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल, वगैरे. तरुण मंडळ व महिला मंडळाच्या सह्या घेतल्या. निवेदन दिले, आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, पोच हातात आली. कारकून माणसाला पोच मिळाली की अर्धे काम झाल्यासारखे वाटते.

चौथ्या दिवशी आरोग्य विभागाच्या एक ताई आणि एक कर्मचारी वस्तीत आले. धुराचे यंत्र नव्हते. ताईंच्या हातात बॅटरी आणि वही. आम्ही कामावर निघण्याच्या घाईत होतो, तरी पुढे झालो. ताईंनी विचारले, "काका, निवेदन तुमचंच ना? मग तुमच्याच घरापासून सुरुवात करू."

आमच्या ओट्यावर निळे, २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप आहे. झाकणही आहे, पण एका बाजूने तुटलेले, त्यामुळे चार बोटांची फट राहते. ताईंनी झाकण बाजूला केले आणि बॅटरीचा झोत आत टाकला. पाणी तळापर्यंत स्वच्छ. त्या स्वच्छ पाण्यात, वरच्या थराला, धाग्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या लोंबत होत्या. उजेड पडताच वळवळत तळाकडे गेल्या. चार-दोन नव्हत्या, मोजवत नव्हत्या. ताईंनी वहीत आमचे नाव लिहिले आणि त्यापुढे खूण केली. मागून आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, निवेदन लिहायला तुम्ही या पिंपाला टेकूनच बसला होतात."

त्या दिवशी आमची लोकल चुकली. पण चुकल्याचे दुःख लोकलचे नव्हते.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसलेली आहे की डास घाणीतून येतो. घाणीतून येतोच, पण तो वेगळा. रात्री कानाशी गुणगुणणारा, गटारात व शौचालयाच्या टाकीत वाढणारा तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. हिवताप, म्हणजे मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस. तोही रात्रीचाच, पण त्याला विहिरी, टाक्या, साचलेले बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. आणि डेंग्यू, चिकुनगुनिया व झिका यांचा वाहक एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला. हा दिवसा चावतो, विशेषतः सकाळी उजाडल्यावर आणि दिवस मावळण्याच्या आधी. याला गटार नको असते. याला आपले पिंप हवे असते.

तो फार लांबही उडत नाही. जन्मला त्या जागेपासून साधारण ४०० मीटरच्या आत त्याचा सगळा संसार. याचा अर्थ असा की शेजारच्या मुलाला चावलेला डास वालधुनी नदीवरून आला नव्हता. तो आमच्या किंवा आजूबाजूच्या गल्ल्यांतला होता. आमच्याच पिंपातला होता असे सिद्ध करता येणार नाही, पण नव्हता असेही आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या मुलाच्या आईच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आणि ज्या धुरासाठी आम्ही निवेदन दिले त्याचे काय? धुराने उडते डास मरतात, तेही समोर सापडतील तेवढेच. पाण्यातल्या अळीला धूर लागत नाही. एडिस तर घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली, माळ्याच्या अंधारात बसतो. आणि धुराची गाडी आली की आपण पहिल्यांदा दारे-खिडक्या लावून घेतो. साथ आलेली असताना धुराचा उपयोग नाही असे नव्हे. पण गाडी गेली आणि पिंप तसेच राहिले, तर आठवड्याने नवे पीक तयार.

हा आठवड्याचा हिशोब आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्याला लगेच पटला. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. म्हणजे दर सात दिवसांच्या आत खाते बंद केले, तर शिल्लक पुढे ओढली जात नाही. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असे जे सरकारी पत्रकांत छापलेले असते, त्यामागचे गणित एवढेच आहे.

मात्र त्यात एक मेख आहे, आणि ती पत्रके वाचून ध्यानात येत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी पाणी संपले, पिंप वाळले, तरी अनेक महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसाळ्यात पाणी वर चढले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत घासावी लागते, आणि घासलेले पाणी मोरीत न सोडता कोरड्या जमिनीवर उन्हात टाकावे लागते.

आता खरा प्रश्न. 'पिंप ओता आणि घासा' हा सल्ला ज्याच्या घरी नळ केव्हाही सोडला तरी येतो, त्याने दिलेला आहे. आमच्याकडे नळाची वेळ ठरलेली. कुठे पहाटे, कुठे मध्यरात्री. उन्हाळ्यात पाणी कपातीचा वार वेगळा. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवर आमचे नातलग आहेत. उंचावरच्या घराला पाण्याचा दाब कमी मिळणार, हे कोणत्याही टेकडीवरचे गणित आहे. ज्या बाईने अर्धी रात्र जागून हंड्या-हंड्याने पिंप भरले, तिला ते गटारात ओत म्हणून सांगणाऱ्याला ती काय उत्तर देईल, ते छापण्याजोगे नाही. शेजारच्या आजींनी त्या ताईंना तोंडावर सांगितले, "बाई, आधी पाणी दे, मग ओत म्हण." आम्हाला आजींचे म्हणणे शंभर टक्के पटते. पिंप हा आमचा शौक नाही. नळाने दिलेला तो दंड आहे.

तरीही मार्ग आहे, आणि तो आम्हाला महिला मंडळातल्या बायकांनी काढून दिला. आमच्या डोक्यातून निघाला नाही. पाणी ओतायचेच नाही, गाळायचे. नळ येण्याच्या आधीच्या वेळी पिंप सर्वांत रिकामे असते, तीच वेळ धरायची. उरलेले पाणी जुन्या सुती साडीच्या चौपदरी कापडातून बादल्यांत, हंड्यांत काढून घ्यायचे. अळ्या कापडावर राहतात. कापड उन्हात कोरड्या मातीवर झटकायचे. रिकामे पिंप आडवे करून दोन तांबे पाण्यात घासायचे, उन्हात तासभर पालथे घालायचे, आणि गाळलेले पाणी परत भरायचे. ते पाणी कपड्यांना, फरशीला, संडासाला चालते. वाया गेले ते फक्त दोन तांबे.

दुसरी युक्ती, एका मोठ्या पिंपाऐवजी दोन लहान ठेवायची. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मग दर आठवड्याला एक ना एक पिंप आपोआप तळाला जाते. मोठ्या पिंपात आपण वरचे वापरतो, वर नवे ओततो आणि खालचे पाणी महिनोन्महिने तसेच राहते. आमच्या पिंपात तेच चालले होते.

झाकण तुटले असेल तर सुती कापड दुपदरी ताणून, सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा काढून तोंडाला आवळावे. कापड सैल पडून पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर ओल्या कापडावरच मादीची सोय होते.

आणि घासायचे कोणी? आमच्या घरात पिंप म्हणजे पत्नीचे खाते, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. समतेवर भाषण देऊन घरी यायचे आणि भरलेल्या पिंपातून तांब्या बुडवायचा. आता रविवारी सकाळी आम्ही आणि आमचा मुलगा घासतो. पहिल्या रविवारी कंबर धरली, हे कबूल करतो.

पिंपानंतर पत्रा. पावसाळ्याच्या तोंडाशी आपण सगळे पत्र्यावर निळी ताडपत्री टाकतो, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर जुने टायर, विटा, फुटके माठ ठेवतो. टायर हे एडिसचे आवडते घर. त्यात साचलेले पाणी उलटे केले तरी पुरते निघत नाही, कारण ते आतल्या खोबणीत राहते. टायर ठेवायचेच तर त्यांना खालून भोके पाडा किंवा कापून पट्ट्या ठेवा. त्यापेक्षा वाळूने भरलेल्या गोण्या बऱ्या. ताडपत्रीच्या सुरकुत्यांत डबके होते, ते पाऊस उघडला की काठीने खालून उचलून सांडावे. उल्हासनगरात घरोघरी शिलाईची, लाकडाची, दुरुस्तीची कामे चालतात. कारखान्याच्या मागे, जिन्याखाली पडलेले रिकामे डबे, रंगाच्या बादल्या, फुटकी बेसिने एकदा नजरेखालून घालावीत. फ्रिजच्या पाठीमागे पाणी साचण्याचे भांडे असते, ते आम्हाला आमच्याच घरी चाळिशी उलटून गेल्यावर समजले. बाटलीतल्या मनी प्लांटचे पाणीही आठवड्याला बदलायचे.

बदलापूरकडची तऱ्हा थोडी निराळी. तिथे अजून अंगण-परसू असलेली घरे आहेत, आणि त्यांच्या शेजारी इमारती उठत आहेत. परसात नारळाच्या करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या पाण्याची भांडी. केळीच्या व अळूच्या देठांच्या बेचक्यातही पाणी राहते. इमारतींचे म्हणाल तर स्लॅबवर पाणी मुरवण्यासाठी केलेले बांध, लिफ्टचा खड्डा, तळघरातली टाकी, कामगारांच्या झोपड्यांपाशी ठेवलेली उघडी पिंपे. ही मलेरियाच्या डासाची जागा. मुंबईत हे फार पूर्वी लक्षात आले होते. १९११ साली बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांचा अहवाल दिला. त्यांनी बोट दाखवले ते गटारांकडे नव्हे, घराघरांतल्या विहिरींकडे. विहिरी बंद करायला धार्मिक कारणे पुढे करून विरोधही झाला. असो.

इमारतीवर मजुरी करणारे बरेचसे आपलेच बांधव असतात. तापलेला मजूर एक गोळी घेऊन पुन्हा कामावर उभा राहतो, हे आपण रोज पाहतो. मलेरियाची रक्त तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, आणि माणूस पुढचे औषध टाकून देतो. डॉक्टर १४ दिवसांच्या ज्या वेगळ्या गोळ्या देतात, त्या यकृतात लपलेल्या जंतूसाठी असतात. त्या मध्येच सोडल्या की काही महिन्यांनी ताप परत येतो, आणि आपण म्हणतो, दुसरा मलेरिया झाला.

मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात सापडला तो सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. शोध लावणारे रोनाल्ड रॉस; १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या आजारी माणसाने त्या डासांना आपले रक्त पाजले, त्याचे नाव हुसेन खान. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी हुसेन खानचे नाव घेणारा आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

बांधकामाच्या मोठ्या टाकीत, न वापरातल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात, आणि आरोग्य केंद्रातून पुष्कळ ठिकाणी फुकट मिळतात. मात्र ते हौसेने नदीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नयेत. तिथल्या मूळच्या माशांना ते उपद्रव देतात. वापरण्याच्या पाण्यात टाकायचे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातूनच पडू द्यावे, प्रमाण त्याला ठाऊक असते. 'वास येतो' म्हणून त्याला दारातून परत पाठवू नये.

आता गटाराकडे वळू, कारण ते निर्दोष आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. रात्रीची झोप उडवणारा क्युलेक्स तिथलाच. उन्हाळ्यात उल्हास नदीवर म्हारळ-मोहन्याच्या बाजूला जलपर्णी पसरते, तीही डासांना आसरा देते. सार्वजनिक शौचालयाच्या टाकीवर जो उभा पाईप असतो, त्याच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुने नायलॉनचे कापड तारेने बांधले की हजारो डासांची वाट बंद होते. खर्च चहाच्या दोन कपांचा. ज्यांना परसू आहे त्यांनी मोरीचे पाणी उघड्या चरात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात जिरवावे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे संपवली, आणि मग तो प्रकार जिल्हाभर गेला. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, मध्ये भोके पाडलेले भांडे. विहिरीपासून मात्र तो दूर हवा, आणि जिथे दोन हातांवर पाणी लागते तिथे तो चालणार नाही.

रात्री अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळून धूर करण्याची पद्धत काही घरांत आहे. दारे लावून कॉइल पेटवण्याचीही आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तान्हे मूल असताना हा धूर त्याच्याच छातीत जातो. मच्छरदाणी जुनी वाटली तरी तीच बरी. आणि मूल दुपारी झोपते तेव्हाही लावावी, कारण एडिस दिवसाचा.

तापाबद्दल थोडे, शेजारच्या घरी जे शिकलो ते. डेंग्यूवर खास औषध नाही. ताप उतरवायला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, मीठ-साखरेचे पाणी, आणि विश्रांती. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. ताप उतरण्याच्या वेळीच काही रुग्ण बिघडतात. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल एकदम सुस्त होणे, यांतले काही दिसले की घरी थांबू नये. शेजारच्या मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरला होता. घरचे खूश होते. पोटात दुखते म्हणून तो रडू लागला, ते त्याच्या आईने मनावर घेतले, म्हणून तो आज शाळेत जातो.

त्या ताईंबरोबर आम्ही पुढे चार गल्ल्या फिरलो. सुट्टी टाकली. ज्यांनी निवेदनावर सह्या केल्या होत्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पिंपांत तेच निघाले. कोणी रागावले, कोणी हसले. एकाने आम्हालाच विचारले, "तुमच्याकडे निघाल्या का?" आम्ही हो म्हटल्यावर त्याने आपणहून झाकण उघडले. आपल्या घरचे नाव वहीत पहिले होते, याचा एवढा एकच फायदा झाला.

आता दर रविवारी सकाळी नळ येण्याच्या आधी आमच्या गल्लीत पिंपे आडवी होतात. सगळ्यांची नाही. काहींची दोन आठवड्यांनी, काहींची सांगितल्यावर, आजींचे आम्ही घासून देतो. दरम्यान आम्ही दुसरे निवेदन लिहिले. त्यात धुराचा उल्लेख नाही. नळाच्या वेळा कमी-जास्त होऊ नयेत, वस्तीचा पाण्याचा दाब मोजावा, आणि पिंप ठेवण्याची गरजच पडू नये इतके पाणी रोज मिळावे, अशा तीन मागण्या आहेत. पोच मिळालेली आहे. उत्तर आले की याच सदरात छापू. उल्हासनगर-बदलापूरच्या वाचकांनी आपल्याकडे नळ किती वेळाने येतो ते आम्हाला पत्राने कळवावे, म्हणजे पुढच्या निवेदनाला जोडता येईल.